स्टँडवरचं चाक आणि आमचे हे

आमच्या दुकानात एवढे किस्से का साठतात, याचा मी बराच विचार केला. कारण एकच सापडलं. पंखा!

बाइकला नवा टायर घातला की चाकाचं बॅलन्सिंग करावं लागतं. कुठलाच टायर सगळीकडून सारख्या वजनाचा नसतो. तसाच गाडीला लावला तर सत्तरच्या पुढे हँडल थरथरतं. आमच्याकडे हे काम हातानंच होतं. दोन खांबांचा लोखंडी स्टँड, त्यावर बेअरिंगवर फिरणारी सळई आणि सळईत चाक. चाक हलकेच सोडून द्यायचं. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. मग तिच्या बरोबर समोर, वरच्या बाजूला, रिमवर पाच-दहा ग्रॅमचं शिशाचं वजन चिकटवायचं. पुन्हा सोडायचं. जिथे सोडू तिथेच चाक गप उभं राहिलं, की झालं काम. आणि हे होईपर्यंत पंखा बंद! वाऱ्याने चाक ढळतं.

आता मलकपेठेत, पत्र्याखाली, मे महिन्यात पंखा बंद करून बघा. गिऱ्हाईक घामानं निथळतं, पण तोंडातून अक्षर काढत नाही, कारण चाक स्टँडवर असताना बडबड केलेली आमच्या ह्यांना चालत नाही. एकदा पंखा सुरू झाला की मात्र दहा मिनिटं दाबून धरलेली सगळी तोंडं एकदम उघडतात. तिथे हे किस्से जमतात.

आमचे हे म्हणजे किशनराव. ह्यांचे आजोबा निजामाच्या काळात नांदेडकडचं शेत भावांवर सोडून इकडे राजधानीत आले. नातवाने टायरचं दुकान काढलं. सव्वीस वर्षं स्टँडवर हे आणि काउंटरवर मी, अशी आमची वाटणी होती. दीड वर्षापूर्वी एका सकाळी चूळ भरताना ह्यांच्या हातातला तांब्या पडला, आणि उजवी बाजू गेली. हात गेला, पाय ओढत चालतात, बोलणं अर्ध्यावर आलं. तेव्हापासून स्टँडवर मी, आणि स्टँडच्या डाव्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीत हे.

मी केलेलं प्रत्येक चाक हे डाव्या हाताने फिरवून बघतात. बघतात आणि नाक मुरडतात. मग बोटाने दाखवतात, वजन जरा इकडे. जरा म्हणजे किती? ज्वारीच्या दाण्याएवढं! दीड वर्षात किती चाकं झाली याचा हिशेब नाही, पण एकदाही ह्यांच्या तोंडून 'बरोबर' म्हणून निघालं नव्हतं. मला दागिने नकोत, तिरुपती नको. मला ह्यांच्याकडून एकदा 'बरोबर आहे' एवढंच ऐकायचं होतं.

*

पहिल्या दिवसाचा किस्सा सांगते. ह्यांना दवाखान्यातून आणून महिना झाला होता. दुकान तसंच बंद होतं. एका सकाळी हे स्वतःच सदरा घालून दाराशी बसले आणि किल्लीकडे बोट दाखवलं. मग आलो.

आमच्याकडे टायर काढणं-घालणं यादगिरी करतो. पन्नाशीचा माणूस आहे, नलगोंड्याकडचा, मला अक्का म्हणतो. पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे पुण्याचा एक मुलगा, आयटीतला, गाडी भारीतली. यादगिरीने गाडी जॅकवर चढवली, पुढचं चाक काढलं, नवा टायर घातला. इथवर सगळं ठीक. मग मी पदर खोचला आणि स्टँडसमोर बसले.

"काकू, तुम्ही करणार?"

"हो."

त्याने खुर्चीतल्या ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग जॅकवर चढलेल्या आपल्या बिनचाकाच्या गाडीकडे. पळून जायची सोय नव्हती.

"नाही म्हणजे, सहज विचारतो. तुमचा अनुभव किती वर्षांचा?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "आज सकाळपासून!"

यादगिरीला इथली दक्खनी हिंदी येते, मराठी जेमतेम कळते, पण हे त्याला कळलं. तो टायरमागे तोंड लपवून हसत बसला. मी चाक केलं. वजनाचा मागचा कागद निघता निघेना. ह्यांनी डाव्या हाताने चाक फिरवलं, आणि मी लावलेलं वजन नखाने उचकटून टाकलं. नवं वजन घेतलं, माझ्या बोटात दिलं, माझं बोट धरलं आणि जिथे हवं तिथे नेऊन दाबलं.

तो मुलगा जाताना म्हणाला, "काकू, तुमची टीम मस्त आहे हं!"

रात्री घरी येऊन मी खूप रडले.

*

दुकानात एक कायमचे पाहुणे असतात, रज्जाकचाचा. सत्तरी ओलांडलेले. दोन गल्ल्या सोडून रेसकोर्सची भिंत आहे, त्या भिंतीच्या आत चाचांचं अर्धं आयुष्य गेलं. बायको गेली, घोड्यांवर पैसे लावायचा नाद मुलांनी सोडायला लावला, आता सकाळपासून आमच्या बाकावर. चाचांची आणि ह्यांची जुनी शर्यत होती. चाक सोडलं की ते थांबायच्या आत सांगायचं, हवा भरायची नळी कुठे येऊन थांबेल. खाली, वर, दाराकडे की भिंतीकडे. घड्याळाच्या काट्यासारखं! हे कधी हरत नसत. चाक अर्धा फेरा फिरलं की ह्यांना कळायचं. दुखण्यानंतरही ही शर्यत चालूच राहिली, आणि मला त्यात बरं वाटायचं.

चाचांची गोष्ट मी अजून पुरी सांगितलेली नाही, पण मध्ये दुसरी येते. जेलची.

*

नारायणगुड्याचा एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह चाक घेऊन आला. टायर त्याने दुसरीकडून घालून आणला होता, आमच्याकडे फक्त बॅलन्सिंग. मी चाक सोडलं, ते नळीपाशी जड निघालं. समोर दहा ग्रॅम लावलं. पुन्हा सोडलं, तर दुसरीकडेच जड! तिथे पाच ग्रॅम लावलं. पुन्हा सोडलं, तर तिसरीकडे!

सकाळी दहाला बसले होते. साडेअकरा वाजले. चाकाला चारी बाजूंनी वजनांची माळ झाली. पंखा बंद. माझं पोलकं भिजून पाठीला चिकटलं. चाक आपलं दर वेळी नवीन जागी थांबतंय. मला वाटलं, बेअरिंग गेलं, स्टँड वाकडा झाला, माझं डोकं फिरलं. मी मनातल्या मनात म्हणत होते की हे आपलं काम नाही, दुकान विकून टाकावं, मुलाकडे बंगळूरला जावं आणि गप बसावं.

आणि हे आपले खुर्चीत शांत! डोळे अर्धे मिटून.

शेवटी पावणेबाराला ह्यांनी गिऱ्हाईकाला खूण करून जवळ बोलावलं आणि एकच शब्द विचारला.

"जेल?"

गिऱ्हाईक म्हणालं, "हौ सेठ, डाला ना. पंक्चर नक्को बोलके पूरी बोतल डाला!"

टायरच्या आत बाटलीभर पातळ जेल! पंक्चर आपोआप बुजावं म्हणून लोक ते घालतात. चाक थांबलं की ते सगळं खाली जमणार, फिरलं की पुन्हा पसरणार. असलं चाक ब्रह्मदेवाच्या हातूनही बॅलन्स होणार नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर मी ह्यांच्यासमोर उभी राहिले. "तुम्हाला कधी कळलं होतं?"

ह्यांनी एक बोट वर केलं. पहिल्याच फेऱ्यात!

"मग बोलला का नाहीत? पावणेदोन तास मी घाम गाळतेय!"

हे सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तू... इचारलं... न्हाईस."

त्या दिवशी मी ह्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. मनातून मात्र हलकं वाटत होतं. त्याला कारण होतं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेतलं होतं. म्हणाले होते, असे छोटे छोटे झटके पुढेही येऊ शकतात, बाहेरून कळणारही नाहीत. हात-पाय जाणार नाहीत, पण माणूस आतून थोडा थोडा कमी होत जाईल. लक्ष ठेवा. जी गोष्ट त्यांना झोपेतही जमायची ती चुकायला लागली, तर समजा.

म्हणून हे माझं वजन उचकटून टाकायचे, तेव्हा मी तोंडाने चिडायची आणि मनात देवाला हात जोडायची. ह्यांच्याकडून 'बरोबर' ऐकायचंही होतं आणि ह्यांनी चुका काढणं थांबवायलाही नको होतं. बाईच्या जिवाला एका वेळी एकच हवं असतं, असं कोण म्हणतं?

*

मधे नणंदेच्या मुलीचं लग्न झालं. नारायणगुड्यात हॉल होता. दुकानातून थेट गेलो, साडी मी मागच्या खोलीतच बदलली.

हॉलमध्ये नणंद माझ्या खांद्याकडे बघत राहिली. "वहिनी, हे काय नवीन? ब्रोच का?"

बघते तर पदरावर चपटं, चंदेरी वजन चिकटलेलं! दुकानात ही वजनं कुठेही चिकटतात. एकदा भाकरीच्या डब्याच्या बुडाला सापडलं होतं.

मी म्हटलं, "दहा ग्रॅमचं आहे."

"दहा ग्रॅम!" नणंदेने अदबीने बोट लावलं. "पांढरं सोनं वाटतं. दादाने केलं?"

मी काय सांगणार? हो म्हटलं!

जेवणाच्या पंगतीत मात्र हसू गेलं. ह्यांच्या समोरच दोन पाहुणे बसले होते. ह्यांचं बोलणं गेलंय म्हणजे कानही गेलेत, असा लोकांचा समज असतो. त्यातला एक दुसऱ्याला सांगत होता, "काय हुन्नरी माणूस होता हो! नुसतं चाकाला हात लावून सांगायचा. फार चांगला होता बिचारा."

दुसरा म्हणाला, "हो ना. गेलं ते सगळं."

ह्यांनी डाव्या हातातला चमचा ताटात ठेवला, मान वर केली आणि म्हणाले, "अजून... हाय. भात वाढा!"

दोघेही एकदम उठले भात आणायला!

*

आता तारनाक्याच्या सरांचा किस्सा. सर विद्यापीठात शिकवतात, तेलुगू माणूस, बोलायला फार गोड. मागच्या चाकाला नवा टायर हवा होता. नेमका यादगिरी गावाला गेला होता. मी म्हटलं, अडलंय कशाला? मीच घालते! साबणाचं पाणी लावलं, पहारी घातल्या, गुडघा टेकवून टायर चढवला. बॅलन्सिंग केलं. ह्यांनी नेहमीप्रमाणे नाक मुरडून वजन ज्वारीभर सरकवलं. सर गेले.

तिसऱ्या दिवशी सर परत. दुकानाच्या पायरीवर उभं राहून हळूच म्हणाले, "अक्का, एक शंका है. टायर पे जो बाण रहता, वो किधर कू रहना?"

टायरवर बाण असतो. चाक ज्या दिशेने फिरणार त्या दिशेने तो हवा. मी बघितलाच नव्हता. टायर उलटा!

मला तोंड कुठे लपवू असं झालं. चार वेळा माफी मागितली. पावसाळा होता, ओल्या रस्त्यावर उलट्या टायरने सर घसरले असते तर? सर मात्र बाकावर निवांत बसले आणि म्हणाले, "अय्यो, टेन्शन नक्को लो अक्का. मैं मेरा पीएचडी बी ऐसाच किया. पहले आखरी चॅप्टर लिखा, बाद में रिसर्च किया!"

आणि खुर्चीतून आवाज आला. मी दचकून मागे बघितलं. हे हसत होते! अर्ध्या तोंडाने, डोळ्यांतून पाणी काढून, खुर्ची हलेपर्यंत हसत होते. तांब्या पडल्यापासून हे हसले नव्हते. मी तसं कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मोजत होते. नऊ महिने झाले होते.

सर बिचारे घाबरले. त्यांना वाटलं, काही झटका वगैरे आला.

त्या रात्री मी विचार करत होते की उद्यापासून रोज एक टायर उलटा घालावा.

*

एक किस्सा असा आहे की त्यात हसण्यासारखं काही नाही, पण तो आमच्या दुकानातला आहे, म्हणून सांगते.

एक गृहस्थ आले. साठीचे, कापडाचे व्यापारी. टेम्पोतून बाइक आणली होती. तिच्यावर धुळीचा थर होता. म्हणाले, दोन्ही टायर नवे घाला, बॅलन्सिंग करा. यादगिरीने जुने टायर बघितले. म्हणाला, "सेठ, ये तो अच्छेच हैं. और दस हजार चलते."

"बदलो," ते म्हणाले.

काम चाललं असताना ते हळूहळू बोलले. गाडी मुलाची होती. मुलगा गेल्या पावसाळ्यात तापात गेला, चार दिवसांत. गाडी विकायची नव्हती, चालवणारं कोणी नव्हतं. "जाने के पहले दो-तीन बार बोला था मेरेकु. पप्पा, हँडल हिलता. मैं बोला, दिवाली के बाद देखेंगे."

पंखा बंद होता, आणि सुरू करायची आठवण कोणालाच राहिली नाही. मी चाक केलं. ह्यांनी ते तीनदा मोडलं. चौथ्यांदा स्वतः खुर्ची पुढे ओढली आणि डाव्या हाताने वजन स्वतः लावलं. चाक बारा ठिकाणी थांबवून बघितलं. जिथे सोडलं तिथे उभं राहिलं.

गाडी पुन्हा टेम्पोत चढवली. ते गृहस्थ जाता जाता वळले आणि ह्यांना म्हणाले, "अब नहीं हिलेंगा ना?"

हे म्हणाले, "नहीं."

*

आता चाचांचं राहिलेलं सांगते. या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की शर्यतीत हे चुकले तरी चाचाच हरतात. ह्यांनी 'खाली' म्हणावं आणि नळी थांबावी भिंतीकडे. पण चाचांनी त्याहून भलतंच काहीतरी सांगितलेलं असायचं, त्यामुळे जवळचं ह्यांचंच धरायचं. "जीत गए किशनसेठ!" म्हणून चाचा कपाळावर हात मारून घ्यायचे, आणि हे खुशीत मान हलवायचे.

एकदा हे मागे गेले असताना मी चाचांना विचारलं, "चाचा, तुम्ही मुद्दाम हरता का हो?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही. चष्मा काढून पुसत बसले. "घोड़ों में उमर भर हारा, भाभी. तब किसीकू खुशी नहीं हुई. इधर हारता, तो एक आदमी तो खुश होता!"

मला तेव्हा त्यात फक्त चाचांचा चांगुलपणा दिसला. हे का चुकतायत, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. विचारायचा नव्हताच बहुतेक. चुका काढणं तर चालूच होतं ना? उचकटत होते, सरकवत होते. कधी कधी चांगलं बसलेलं वजन हलवून बिघडवत होते, आणि मी ते ह्यांची नजर चुकवून पुन्हा जागेवर नेत होते. पण म्हटलं, माणूस आहे, थकतो.

*

हा शेवटचा.

बोनालूच्या, म्हणजे इथल्या देवीच्या सणाच्या, आदल्या दिवशीची गोष्ट. रस्त्यावर ढोल, दुकानावर कडुलिंबाचे डहाळे, गिऱ्हाईक एकच. एक मुलगी. मूळची परभणीची, गच्चीबावलीला नोकरी, स्वतःची मोठी बाइक. पुढचा टायर नवा घालून दुसऱ्या दिवशी पहाटे एकटी परभणीला जाणार होती. आई आजारी होती. मला तिचं कौतुक वाटलं आणि काळजीही. रात्रंदिवस ट्रकांचा रस्ता तो.

यादगिरीने टायर घातला. मी चाक स्टँडवर घेतलं. जरा हट्टीच निघालं, वीस ग्रॅम लागलं. आमची पद्धत अशी, की आधी वजन कागदी टेपने तात्पुरतं लावून बघायचं. जमलं, की खडूने खूण करायची, वजन काढायचं, रिम पेट्रोलने पुसायची आणि मग वजनाचा कागद सोलून कायमचं चिकटवायचं. मी टेपने लावून बघितलं. चाक जिथे सोडलं तिथे उभं. मला स्वतःलाच इतकं बरं वाटलं! म्हटलं, आज तरी ह्यांना बोट ठेवायला जागा नाही. खडूने खूण केली, वजन काढलं, पेट्रोलचा बोळा घ्यायला वळले.

तेवढ्यात ह्यांनी डावा हात लांबवला आणि चाक सोडलं. त्यांना वाटलं, माझं झालं.

मी 'अहो, थांबा' म्हणणार होते. वीस ग्रॅम माझ्या मुठीत होतं. मग वाटलं, कशाला थांबवा? बघू देत. आता कसे उखडतील माझ्यावर! 'एवढं बी कळंना व्हय?' म्हणतील. मला हसूच येत होतं.

वीस ग्रॅम म्हणजे थोडं नाही. शाळेतल्या पोराला दाखवलं तरी सांगेल. जड बाजू दाणकन खाली आली, पलीकडे गेली, परत आली. पाळण्यासारखं चाक नुसतं झुलत होतं. यादगिरीने बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला. चाचांनी बघितलं.

हे बघत होते. खूप वेळ, अगदी मन लावून.

मग ह्यांनी माझ्याकडे मान वळवली. चेहऱ्यावर असं काही होतं, की आमच्या लग्नातही मी तसं पाहिलं नव्हतं. आणि दीड वर्षात बोलले नव्हते एवढं लांब, सलग बोलले.

"बरोबर हाय. लई बरोबर. शिकलीस बघ तू."

माझ्या मुठीत वजन रुतत होतं.

मुलीने हेल्मेट उचललं. "झालं ना काका? चाक बसवलं की जाऊ ना मग?"

"झालं," हे म्हणाले. "माझ्या बायकोनं केलंय. डोळे झाकून जा."

मी घाईघाईने म्हटलं, "थांब गं दोन मिनिटं. चहा सांगितलाय." चहा कोणी सांगितला नव्हता. रस्त्यावर ढोल चालले होते.

चाचा उठले. इतकी वर्षं बघते आहे, गुडघे धरून कण्हल्याशिवाय ते कधी उठत नाहीत. त्या दिवशी झटकन उठले, ह्यांच्या डाव्या काखेत हात घातला आणि म्हणाले, "चलो किशनसेठ, चाय की होटल तक दो कदम चलते. उधरीच पिएंगे. भाभी कू काम करने दो."

ह्यांनी त्यांचा हात सोडवून घेतला. डुलणाऱ्या चाकाकडे बोट केलं.

"अरे ठैरो चाचा," हे म्हणाले. "पहले इसका काम तो देखो!"